रेल्वे स्मृतिवस्तू (ब्रिटन)

रेल्वेच्या प्रत्यक्ष वापरातून बाद झालेल्या, परंतु ऐतिहासिक किंवा भावनिक मूल्यामुळे जतन केल्या जाणाऱ्या वस्तूंना रेल्वे स्मृतिवस्तू असे म्हणतात. वाफेच्या इंजिनांच्या नामपट्ट्या, स्थानकांच्या पाट्या, सिग्नलची उपकरणे, गार्डाचे कंदील, घड्याळे, भित्तिपत्रके, पुठ्ठ्याची तिकिटे, गणवेशाची बटणे अशा लहानमोठ्या अनेक वस्तू या संज्ञेत येतात. ब्रिटनमध्ये त्यांना एकत्रितपणे ‘रेल्वेआना’ असे नाव आहे. अमेरिकेत ‘रेलरोडिआना’ हा शब्द रूढ आहे. रेल्वेच्या लहान प्रतिकृती आणि खेळण्यातील गाड्या हा संग्रहाचा निराळा प्रकार मानला जातो. रेल्वेआनामध्ये वस्तू स्वतः रेल्वेच्या सेवेत राहिलेली असावी, ही मुख्य अट असते.

या वस्तूंचा संघटित बाजार ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात उभा राहिला. हजारो स्थानके बंद होणे आणि वाफेची इंजिने मोडीत निघणे ही त्याची दोन प्रमुख कारणे होत. त्याच काळापासून दूरचित्रवाणीनेही रेल्वेला आपला विषय केले. गाड्या आणि मार्ग चित्रफितींत राहिले, तर वस्तू संग्राहकांच्या घरांत आणि संग्रहालयांत गेल्या. अशा वस्तूचे मूल्य तिच्या धातूपेक्षा तिच्या पूर्वेतिहासावर, म्हणजे ती कोठून आली आणि कोणत्या कामी आली होती या माहितीवर अवलंबून असते. या क्षेत्रातील किमती, नकला, कायदे आणि वाद या सर्वांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

इतिहास

राष्ट्रीयीकरणापूर्वीचा काळ

ब्रिटनमधील रेल्वे प्रारंभी अनेक खाजगी कंपन्यांच्या मालकीची होती. १९२३ मध्ये बहुतेक कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले. ग्रेट वेस्टर्न, लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, आणि सदर्न या त्या चार कंपन्या होत. प्रत्येक कंपनीचा रंग, अक्षरवळण, बोधचिन्ह आणि इंजिनांना नावे देण्याची पद्धत वेगळी होती. पुढील काळात संग्राहकांना वस्तूची ओळख पटवण्यासाठी हे वेगळेपण फार उपयोगी पडले.

ऐतिहासिक वस्तू जपण्याचे काही प्रयत्न या काळातही झाले. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने यॉर्क येथे १९२० च्या दशकात रेल्वे संग्रहालय सुरू केले होते. मात्र सर्वसामान्य वस्तूंकडे वारसा म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हा नव्हती. जुनी पाटी काढून नवी लावली की जुनी भंगारात जाई किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरी परसातील खुराड्यावर बसवली जाई.

राष्ट्रीयीकरण आणि बीचिंग अहवाल

१ जानेवारी १९४८ रोजी चारही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ अस्तित्वात आली. त्या वेळी तिच्याकडे वीस हजारांहून अधिक वाफेची इंजिने होती. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने वाफेच्या जागी डिझेल आणि वीज आणण्याचे धोरण स्वीकारले. ब्रिटिश रेल्वेजसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन ‘ईव्हनिंग स्टार’ मार्च १९६० मध्ये स्विंडन येथील कारखान्यातून बाहेर पडले.

२७ मार्च १९६३ रोजी डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा रेल्वेच्या पुनर्रचनेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. वाढता तोटा भरून काढण्यासाठी २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैल लांबीचे मार्ग बंद करावेत, अशी शिफारस त्यात होती. काही मार्ग जनतेच्या विरोधामुळे वाचले, पण बहुतांश शिफारशी अमलात आल्या. अनेक लहान गावांचा रेल्वेशी संबंध कायमचा तुटला. ज्या स्थानकावरून मुले शाळेला आणि तरुण युद्धावर गेले, त्या स्थानकाच्या नावाची पाटी हीच त्या गावाच्या रेल्वेची अखेरची खूण उरली.

११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेजने मुख्य मार्गावरील वाफेच्या युगाचा निरोप घेणारी विशेष गाडी लिव्हरपूल ते कार्लाइल आणि परत अशी चालवली. तिचे भाडे पंधरा गिनी होते. त्यामुळे ती ‘फिफ्टीन गिनी स्पेशल’ या नावाने ओळखली जाते.

मोडीतून संग्रहाकडे

इंजिने मोडीत काढताना त्यांच्या नामपट्ट्या आणि क्रमांकपट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या जात. रेल्वे प्रशासनाने त्या धातूच्या भावाच्या आसपास इच्छुकांना विकण्यास सुरुवात केली. मागणी वाढत गेल्यावर ब्रिटिश रेल्वेने लंडनमधील युस्टन स्थानकाजवळ ‘कलेक्टर्स कॉर्नर’ नावाचे स्वतःचे दुकान चालवले. तेथे कंदील, घड्याळे, पाट्या, चिनी मातीची भांडी आणि सिग्नलची उपकरणे विक्रीस असत. पुढील अनेक संग्रहांची सुरुवात या दुकानातील खरेदीने झाली.

संपूर्ण इंजिने वाचवण्याच्या इतिहासात दक्षिण वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम बंधूंच्या भंगार आवाराचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी २९७ वाफेची इंजिने मोडण्यासाठी विकत घेतली होती. मालवाहू डबे मोडण्याचे काम अधिक सोपे असल्याने इंजिने दीर्घकाळ तशीच उभी राहिली. परिणामी त्यांपैकी २१३ इंजिने हौशी मंडळांनी आणि वारसा रेल्वेंनी परत विकत घेऊन वाचवली.

वस्तूंचे प्रकार

नामपट्ट्या

इंजिनाची नामपट्टी हा या संग्रहातील सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार होय. ग्रेट वेस्टर्नच्या पट्ट्यांत पोलादी पाट्यावर पितळी अक्षरे स्वतंत्रपणे बसवलेली असत, तर इतर कंपन्यांच्या बऱ्याच पट्ट्या अखंड पितळेत ओतलेल्या असत. काही डिझेल इंजिनांसाठी अॅल्युमिनियमही वापरले गेले. सामान्यतः इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी असे, म्हणून एका इंजिनाच्या दोन अस्सल पट्ट्या असू शकतात.

नावांच्या मालिकांमुळे रेल्वेबाहेरचे ग्राहकही या बाजारात येतात. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ‘बी १७’ वर्गातील अनेक इंजिनांना फुटबॉल संघांची नावे होती आणि त्यांच्या पट्टीखाली अर्ध्या चेंडूचा पितळी आकार असे. सदर्न रेल्वेच्या ‘स्कूल्स’ वर्गातील चाळीस इंजिनांना शाळांची नावे दिली होती. अशा पट्ट्यांसाठी रेल्वेप्रेमींबरोबरच त्या त्या संघाचे चाहते आणि शाळांचे माजी विद्यार्थीही इच्छुक असतात.

क्रमांकपट्ट्या, आगारपट्ट्या आणि कारखान्यांच्या पट्ट्या

धूरपेटीच्या दारावरील बिडाची क्रमांकपट्टी, चालककक्षाच्या बाजूवरील क्रमांकपट्टी आणि इंजिन कोणत्या आगाराचे आहे हे सांगणारी लहान लंबवर्तुळाकार आगारपट्टी यांना नामपट्टीखालोखाल मागणी असते. आगारांना सांकेतिक क्रमांक असत. उदाहरणार्थ, ‘१ ए’ म्हणजे लंडनमधील विल्सडेन. कारखान्याच्या पट्टीवर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक आणि वर्ष असते. मँचेस्टरची बेयर पीकॉक, ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह आणि न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री या निर्यातदार कारखान्यांच्या पट्ट्या जगभरातील इंजिनांवर होत्या.

स्थानकांच्या पाट्या

राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेजने इनॅमलचा मुलामा दिलेल्या एका विशिष्ट आकाराच्या पाट्या स्थानकांच्या दिव्याखांबांवर आणि भिंतींवर लावल्या. मधोमध आडवा पट्टा आणि त्याच्या वर-खाली गोलसर फुगवटा, असा तो आकार होता. संग्राहक त्यांना ‘टोटेम’ म्हणतात. त्या सुमारे तीन फूट लांब आणि दहा इंच उंच असून अक्षरे गिल सान्स या वळणाची असत. रंगावरून विभाग ओळखता येई: सदर्न हिरवा, वेस्टर्न तपकिरी, लंडन मिडलँड गडद तांबडा, ईस्टर्न गडद निळा, नॉर्थ ईस्टर्न नारिंगी आणि स्कॉटिश फिकट निळा. मोठ्या शहरातील स्थानकावर अशा पुष्कळ पाट्या असत, तर आडवळणाच्या थांब्यावर दोन-तीनच. त्यामुळे लिलावात पुष्कळदा प्रसिद्ध महानगरापेक्षा अनोळखी खेड्याची पाटी अधिक महाग ठरते.

सिग्नल व सुरक्षेची उपकरणे

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाजवळ त्या टप्प्याचे टोकन असणे बंधनकारक असे. १८७४ मध्ये इंग्लंडमधील थॉर्प येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन २५ जण मरण पावले. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅब्लेट-यंत्राची पद्धत आणली. एक टॅब्लेट बाहेर असताना त्या टप्प्याच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरे निघूच शकत नसे. दोन स्थानकांची नावे कोरलेली ही टॅब्लेटे आज संग्रहवस्तू आहेत. भारतीय रेल्वेतही एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचा नील्स टोकन-गोळा दीर्घकाळ वापरात होता.

कागदी वस्तू

थॉमस एडमंडसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनुक्रमांक छापलेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटाची पद्धत सुरू केली. ती भारतासह अनेक देशांत पसरली. सुमारे सव्वादोन इंच लांबीचे हे तिकीट संग्राहकांना सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. दुसऱ्या टोकाला चित्रमय भित्तिपत्रके येतात. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी जॉन हॅसल यांनी १९०८ मध्ये काढलेले स्केगनेस या समुद्रकाठच्या गावाचे, किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या आनंदी कोळ्याचे भित्तिपत्रक त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. भित्तिपत्रके काही आठवड्यांसाठी लावण्याच्या हेतूने छापली जात आणि नंतर फाडली जात किंवा त्यांवर दुसरी चिकटवली जात. म्हणूनच सुस्थितीतील प्रती दुर्मीळ आहेत.

खरेदी-विक्रीची पद्धत

सुरुवातीचा व्यवहार प्रामुख्याने रेल्वेचे दुकान, हौशी मंडळांचे मेळावे आणि परस्पर देवघेव यांतून होई. पुढे केवळ रेल्वे वस्तूंचे लिलाव करणाऱ्या संस्था निघाल्या. ग्रेट सेंट्रल रेल्वेआना, ग्रेट वेस्टर्न रेल्वेआना आणि शेफील्ड रेल्वेआना ही त्यांतील परिचित नावे होत. भित्तिपत्रकांचे लिलाव कलावस्तूंच्या मोठ्या लिलावगृहांतही होतात.

लिलावापूर्वी प्रत्येक वस्तूचे वर्णन आणि छायाचित्र असलेली सूची प्रसिद्ध होते. विक्रेता किमान अपेक्षित रक्कम, म्हणजे राखीव किंमत, ठरवू शकतो. पुकारा संपून हातोडा पडला की त्या रकमेवर खरेदीदाराला लिलावसंस्थेचे ठरावीक टक्के शुल्क द्यावे लागते; विक्रेत्याच्या रकमेतूनही दलाली वजा होते. त्यामुळे जाहीर झालेली ‘हातोड्याची किंमत’, खरेदीदाराने दिलेली रक्कम आणि विक्रेत्याच्या हाती पडलेली रक्कम या तिन्ही वेगळ्या असतात.

किंमत ठरवताना मुख्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

दुर्मीळता: त्या इंजिनाच्या किंवा स्थानकाच्या किती वस्तू शिल्लक आहेत.

स्थिती: मुलामा उडालेला आहे का, तडा किंवा डागडुजी आहे का, मूळ रंग टिकला आहे का.

पूर्वेतिहास: वस्तू कोणी, केव्हा आणि कोणाकडून घेतली याची पावती किंवा पत्र आहे का.

स्थानिक जिव्हाळा: त्या परिसरातील किंवा त्या इंजिनाशी संबंधित किती लोक ती घेण्यास उत्सुक आहेत.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ‘ए ४’ वर्गातील ‘गोल्डन फ्लीस’ या इंजिनाच्या नामपट्टीला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिलावात ६०,००० पौंड मिळाले. या वर्गात एकूण ३५ इंजिने होती व त्यांपैकी सहाच उरली आहेत. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, वाफेच्या इंजिनांतील जागतिक विक्रम करणारे ‘मॅलार्ड’ याच वर्गातले. ‘गोल्डन फ्लीस’ इंजिन मात्र मोडीत गेले.

संपूर्ण इंजिनाच्या व्यवहारात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे उदाहरण नेहमी दिले जाते. १९६३ मध्ये ॲलन पेग्लर यांनी ते ३,००० पौंडांना घेतले. २००४ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २३ लाख पौंडांना घेतले तेव्हा त्यासाठी जनतेकडूनही देणग्या गोळा झाल्या. एके काळी जनतेच्याच मालकीचे असलेले इंजिन जनतेच्याच पैशाने परत विकत घ्यावे लागले, हा मुद्दा या संदर्भात मांडला जातो.

अस्सलता, नक्कल आणि चोरी

नामपट्टी ही मुळात ओतकामाची वस्तू असल्याने तिची नक्कल करणे अवघड नाही. शोभेसाठी किंवा वारसा रेल्वेवर चालणाऱ्या इंजिनासाठी उघडपणे केलेली प्रतिकृती गैर मानली जात नाही. मौल्यवान मूळ पट्टी सुरक्षित ठेवून इंजिनावर प्रतिकृती लावण्याची पद्धत सर्रास आढळते. तीच प्रतिकृती अस्सल म्हणून विकली गेली की फसवणूक होते.

जाणकार पट्टीची दर्शनी बाजू पाहून समाधान मानत नाहीत. ते तिची मागची बाजू तपासतात. वर्षानुवर्षांची काजळी, तेलाचे थर, बोल्टच्या छिद्रांची झीज आणि ओतकामाच्या खुणा तेथे दिसतात. म्हणूनच लिलावाच्या सूचीत ‘दर्शनी बाजू नव्याने रंगवली, मागील बाजू इंजिनावरून काढली तशीच’ अशा अर्थाची नोंद असते. टोटेमच्या बाबतीत कडा पूर्ण वळवलेली, अर्धी वळवलेली की सपाट, हे नमूद केले जाते. वस्तू घासूनपुसून अगदी नवी करण्याचा मोह नवख्या संग्राहकाला होतो, पण त्यामुळे तिच्या सत्यतेचा पुरावाच पुसला जातो.

किमती वाढल्यावर चोरीचा धोकाही वाढला. बॅरीच्या आवारात उभ्या इंजिनांचे सुटे भाग स्मृतिचिन्हे म्हणून काढून नेले जात. त्यामुळे ती इंजिने पुन्हा चालती करणाऱ्यांना अनेक भाग नव्याने घडवावे लागले. एकाच्या संग्रहात पडलेला भाग दुसऱ्याच्या इंजिनाला हवा असतो, असा पेच त्यातून उद्भवला.

दूरचित्रवाणीवरील रेल्वे

आरंभीचे कार्यक्रम

बीबीसीने १९५८ ते १९६२ या काळात ‘रेल्वे राउंडअबाउट’ हा कार्यक्रम प्रसारित केला. पॅट्रिक व्हाइटहाउस आणि जॉन ॲडम्स यांनी त्यासाठी देशभर फिरून चित्रीकरण केले. तेव्हा नित्याच्या वाटणाऱ्या अनेक गाड्या आणि शाखामार्ग काही वर्षांतच बंद झाले. त्यामुळे हे चित्रीकरण आज ऐतिहासिक दस्तऐवज ठरले आहे. एखादी पाटी कोठे टांगलेली होती किंवा एखादे इंजिन कोणत्या स्थितीत धावत होते, हे पडताळण्यास अशा चित्रफिती साहाय्यभूत होतात.

प्रवासमालिका

१९८० मध्ये बीबीसीने ‘ग्रेट रेल्वे जर्नीज ऑफ द वर्ल्ड’ ही सात भागांची मालिका सादर केली. प्रत्येक भागात वेगळा निवेदक वेगळ्या देशातून रेल्वेप्रवास करतो. ‘डेक्कन’ या भागात ब्रायन थॉम्पसन यांनी मुंबईहून कोचीनपर्यंत प्रवास केला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ट्रेनस्पॉटर’ या भागात मायकेल पेलिन लंडनहून स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील काइल ऑफ लॉखाल्श येथे जातात. प्रवासाच्या शेवटी ते त्या स्थानकाच्या नावाची लांबलचक पाटी विकत घेतात आणि लंडनला आपल्या घरी घेऊन जातात. दूरचित्रवाणी आणि स्मृतिवस्तूंचा संग्रह यांची सांगड घालणारा हा प्रसंग होय.

२०१० मध्ये बीबीसी टू वाहिनीवर सुरू झालेल्या ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वे जर्नीज’ या मालिकेत माजी मंत्री मायकेल पोर्टिलो यांनी एकोणिसाव्या शतकातील ब्रॅडशॉचे मार्गदर्शक पुस्तक हाती घेऊन प्रवास केला. जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९ मध्ये रेल्वेची वेळापत्रके छापण्यास प्रारंभ केला होता. मालिकेच्या लोकप्रियतेनंतर या जुन्या पुस्तकाचे जसेच्या तसे पुनर्मुद्रण निघाले आणि सामान्य वाचकांनीही ते विकत घेतले. विस्मृतीत गेलेल्या एका रेल्वेवस्तूला दूरचित्रवाणीने पुन्हा मागणी मिळवून दिली. या मालिकेच्या धर्तीवर युरोप, अमेरिका आणि भारत येथील प्रवासांच्या मालिकाही झाल्या. भारतावरील मालिका २०१८ मध्ये प्रसारित झाली.

कथा, विनोद आणि बालमालिका

रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री यांच्या १९४५ पासून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवर आधारित ‘थॉमस द टँक इंजिन अँड फ्रेंड्स’ ही बालमालिका १९८४ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाली. पहिल्या पर्वांचे निवेदन संगीतकार रिंगो स्टार यांनी केले होते. ‘ओ, डॉक्टर बीचिंग!’ ही १९९० च्या दशकातील विनोदी मालिका बंद होऊ घातलेल्या एका लहान स्थानकावर घडते. तिचे चित्रीकरण सेव्हर्न व्हॅली या वारसा रेल्वेच्या आर्ली स्थानकावर झाले. तीस वर्षांपूर्वीच्या दुःखद प्रसंगाचा विनोदी मालिकेसाठी उपयोग व्हावा, यावरून त्या घटनेची सामाजिक स्मृती किती खोल आहे हे दिसते.

अन्य देश

जर्मनीत ‘आयझेनबान-रोमांटिक’ हा रेल्वेविषयक कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने २००९ मध्ये बर्गन रेल्वेच्या शताब्दीनिमित्त बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून अधिक वेळाचा संपूर्ण प्रवास अखंड दाखवला. ‘संथ दूरचित्रवाणी’ या प्रकाराचा तो आरंभ मानला जातो.

संग्रहालये आणि कायदा

राष्ट्रीयीकरणानंतर ऐतिहासिक वस्तूंची जबाबदारी ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशनकडे आली आणि १९५१ मध्ये जॉन शोल्स यांची ऐतिहासिक अवशेषांचे अभिरक्षक म्हणून नेमणूक झाली. १९६८ च्या वाहतूक कायद्यातील तरतुदीनुसार यॉर्क येथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय स्थापन होऊन ते १९७५ मध्ये खुले झाले.

१९९० च्या दशकात रेल्वेचे खाजगीकरण झाले तेव्हा ऐतिहासिक वस्तू आणि कागदपत्रे नव्या कंपन्यांकडून विकली जातील, अशी भीती निर्माण झाली. १९९६ च्या रेल्वे हेरिटेज कायद्याने ती दूर करण्याचा प्रयत्न केला. रेल्वे उद्योगाच्या ताब्यातील वस्तू जतनयोग्य म्हणून घोषित करण्याचा आणि त्या कोणाकडे जाव्यात यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार एका समितीला मिळाला. २०१३ मध्ये ती समिती विसर्जित होऊन तिचे काम सायन्स म्युझियम ग्रुपकडे आले. मात्र १९६० च्या दशकातच खाजगी हाती गेलेल्या असंख्य वस्तूंना ही तरतूद लागू होत नाही. त्यांचे जतन सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते.

महाराष्ट्र आणि भारताशी संबंध

इंजिनांवरील भारतीय नावे

लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३४ ते १९३६ या काळात ‘ज्युबिली’ वर्गातील १९१ इंजिने बांधली. त्यांपैकी अनेकांना तत्कालीन ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेशांची नावे दिली होती. ‘बॉम्बे’, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ आणि ‘हैदराबाद’ यांबरोबरच ‘बडोदा’, ‘ग्वाल्हेर’, ‘इंदूर’ आणि ‘कोल्हापूर’ या मराठी राज्यकर्त्यांच्या संस्थानांची नावेही त्यांत होती. या वर्गातील केवळ चार इंजिने आज शिल्लक आहेत आणि त्यांत ‘कोल्हापूर’चा समावेश आहे. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९३४ मध्ये बांधलेले हे इंजिन १९६७ मध्ये सेवानिवृत्त झाले. ते बर्मिंगहॅममधील टाइझली येथे जतन केले आहे. कोल्हापूरशी त्याचा प्रत्यक्ष वाहतुकीचा संबंध कधीच आला नाही. साम्राज्याच्या अभिमानाने दिलेले हे नाव आज मराठी वाचकाला वेगळ्याच अर्थाने जवळचे वाटते.

याउलट, प्रत्यक्ष महाराष्ट्रात धावलेली अनेक इंजिने ब्रिटनमध्ये बांधलेली होती. १८५३ मध्ये सुरू झालेल्या बोरीबंदर ते ठाणे मार्गासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली आठ इंजिने व्हल्कन फाउंड्रीने पुरवली. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची आरंभीची इंजिने लीड्सच्या किट्सन कंपनीची होती.

भारतातील जतन आणि कायदेशीर स्थिती

भारतात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय नवी दिल्ली येथे १९७७ मध्ये सुरू झाले. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ मध्ये स्थापन झाले. चित्तरंजन येथे १९७० मध्ये बांधलेल्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनाचे ‘अंतिम सितारा’ हे नाव ब्रिटनच्या ‘ईव्हनिंग स्टार’ची आठवण करून देते.

ब्रिटनसारखा खुला बाजार भारतात नाही, याला कायद्याचेही कारण आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायद्यानुसार, चोरीची किंवा बेकायदा मिळवल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता एखाद्याकडे आढळल्यास ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे त्यानेच सिद्ध करावे लागते. पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे रेल्वेच्या अधिकृत लिलावाची पावती ही येथे केवळ किमतीचा आधार नसून संग्राहकाचे संरक्षणही असते. त्याशिवाय, १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात व त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत.

भारतातील स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर काळ्या अक्षरांत प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी यांतील नावासह अनेकदा समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. व्हिक्टोरिया टर्मिनस किंवा एल्फिन्स्टन रोड यांसारखी नावे बदलली, तेव्हा जुन्या पाट्या इतिहासाचा ऐवज बनल्या. अशा वस्तूंची नोंद आणि जतन या दृष्टीने ब्रिटनमधील अनुभव उपयुक्त आहे.

भारतीय रेल्वे आणि दूरचित्रवाणी

श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘यात्रा’ ही १९८६ मधील दूरदर्शन मालिका हिमसागर एक्सप्रेसच्या कन्याकुमारी ते जम्मू या प्रवासावर आधारलेली होती. ओम पुरी यांची त्यात प्रमुख भूमिका होती. बीबीसी फोर वाहिनीने मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर ‘बॉम्बे रेल्वे’ (२००७) हा दोन भागांचा, तर दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-शिमला मार्गांवर ‘इंडियन हिल रेल्वेज’ (२०१०) हा तीन भागांचा माहितीपट सादर केला.

मतमतांतरे

स्मृतिवस्तूंच्या खाजगी बाजाराविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार, संग्राहकांनी स्वतःचा पैसा आणि श्रम खर्च केले नसते तर १९६० च्या दशकातील बहुसंख्य वस्तू वितळवल्या गेल्या असत्या. त्यामुळे जतनाचे श्रेय प्रथम त्यांना जाते. दुसऱ्या मतानुसार, वाढत्या किमतींमुळे सार्वजनिक वारसा धनिकांच्या दिवाणखान्यांत विखुरला आणि ज्या गावाची पाटी असते त्या गावाला ती परत घेणे परवडत नाही.

दोन्ही मतांचा मेळ घालणारा धागा नोंदींचा आहे. संग्राहकाच्या निधनानंतर वारसांना वस्तूची माहिती नसेल तर ती पुन्हा भंगाराच्या मोलाची होते. याउलट खरेदीची पावती, जुने छायाचित्र आणि काढून आणल्याची तारीख जपलेली असेल तर मालक कोणीही असला तरी तिचा इतिहास शाबूत राहतो. याच कारणास्तव अनेक संग्राहक आपल्या वस्तूंची तपशीलवार सूची तयार करतात, वारसा रेल्वेंच्या संग्रहालयांना त्या दीर्घ मुदतीने पाहण्यासाठी देतात किंवा मृत्युपत्राद्वारे दान करतात.

हेसुद्धा पाहा

वारसा रेल्वे
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे
बार्शी लाइट रेल्वे
राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, नवी दिल्ली
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस